टंच

हुपरीहून पहिल्या एसटीनं आलेला माणूस
उपाशीपोटी बसलाय बाकड्यावर.
या तपासणीला उपास लागत नाही, मी सांगते.
आसू दे वो ताई, म्हणतो, परीक्षा हाय म्हटल्यावर.

नाव भूपाल. वय चोपन्न. पैंजण घडवतो.
बोटांच्या चिरांत राखाडी चकाकी,
स्पिरिटच्या बोळ्यानंही न निघणारी.
शाहूपुरीतल्या या दुसऱ्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मी शिरा शोधते.
त्याची आपण होऊन वर आली.

पट्टीवर दुसरी रेघ उमटली, ठसठशीत.
मी नेहमीचं सांगितलं:
ही चोराची खूण नव्हे, राखणदाराची.
कधीतरी कुणी आत शिरलं होतं, एवढंच हिला ठाऊक.
काहींच्या रक्तातून तो आपसूक निघून जातो,
रेघ तरी राहते.

तो थोडा वेळ पट्टीकडं बघत राहिला.
म्हंजे कसोटीवर घासून बघितलंय,
आगीत घातलं न्हाई अजून.

इतक्या वर्षांत इतकं नेमकं
मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

मग ती आग:
रक्तातला पिवळा भाग वेगळा करून
बर्फाच्या डब्यात, रात्रीच्या गाडीनं पुण्याला.
चार दिवसांनी आकडा आला.
अठरा लाख चाळीस हजार, एका मिलिलिटरात.
कागद देताना माझा अंगठा नेमका त्यावर होता.
त्यानं तो हळूच बाजूला सारला.
आणि हे पुढचं काय लिवलंय?
आंतरराष्ट्रीय एकक, मी म्हटलं.
तो हसला. हुपरीच्या बाहेर न जाता
आमी आंतरराष्ट्रीय झालो की.

पण आकडा मोठा म्हणून आजार मोठा, असं नसतं.
यकृत किती राठ झालं ते तो सांगत नाही,
त्याचं मशीन वेगळं. तिथं आलं नऊ दशांश चार.
आणि एसजीपीटी? एकोणचाळीस.
चांगल्या घरातल्या सुनेसारखी,
तीस वर्षं आवाज म्हणून नाही.

तीस वर्षं का, तर त्यानंच हिशोब लावला.
एक्क्याण्णव साल, शिरोली नाका, ट्रकची धडक,
दोन बाटल्या रक्त.
तेव्हाही रक्त तपासत,
पण या नावासाठी नाही.

चौऱ्याऐंशी गोळ्या. रोज एक,
भट्टी पेटवायच्या आधी.
नंतर बारा आठवडे नुसतं थांबायचं.
या थांबण्याला कसलीच गोळी नाही.

आज पुण्याचा कागद आलाय.
आकड्याच्या जागी दोनच शब्द: आढळला नाही.
त्यानं दोनदा वाचले, घडी घातली,
मग म्हणाला, आता ती पट्टी बी लावा की एकदा.

काय येणार ते मला माहीत होतं.
नको म्हटलं. पैसे वाया जातील म्हटलं.
लावा.

दहा मिनिटांत तीच रेघ, तशीच ठसठशीत.
ही जन्मभर राहणार, मी म्हटलं,
कुणी विचारलं तर दुसरा कागद दाखवा,
आणि रक्तदानाच्या मांडवात जाऊ नका.

खाली गुळाच्या ढेपा उतरत होत्या,
खिडकीतून त्यांचा गोड दमट वास.
तो बोटं एकमेकांवर घासत बसला.
चांदी वतून मोकळी झाली, तरी मूस काळीच ऱ्हाती,
म्हणाला. त्याला काय इलाज न्हाई.

दारापर्यंत गेला. परत आला.
ताई, त्या दोन बाटल्या ज्यानं दिल्या,
त्याला कुणी सांगितलं आसंल काय?

माझ्याकडं त्या सालची कुठलीच वही नाही.
कुणाकडं असेल असंही वाटत नाही.
मी सुई डब्यात टाकली.
बाकड्यावरचा पुढचा माणूस
बाही वर करून कधीचा उभा होता.